रजेच्या जागेवर

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. मृग लागून गेला तरी अकोल्याचं ऊन हटलेलं नसतं. शाळा उघडली की पोरांच्या हाती फुलं आणि नवी पुस्तकं पडतात, आणि त्याच सुमारास 'देशोन्नती', 'लोकमत'च्या आतल्या पानांवर चौकटीतल्या छोट्या जाहिराती दिसू लागतात: 'रजा कालावधीसाठी', 'तासिका तत्त्वावर', 'निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात', 'मूळ कागदपत्रांसह थेट मुलाखत'. अमरावतीच्या गाडगेनगरात किंवा अकोल्याच्या जठारपेठेत खोली करून राहणारी, एम.ए., बी.एड., नेट-सेट झालेली मंडळी या जाहिराती वाचतात आणि मोबाइलवर फोटो काढून एकमेकांना पाठवतात. जागा एक आणि अर्ज सगळ्यांचेच असतात, तरीही पाठवतात. या वर्गातल्या माणसांची ओळख करून घ्यायची तर इथून सुरुवात करावी.

मी या वाटेनं गेले आहे. आधी अकोला जिल्ह्यात एका शाळेत रजेच्या जागेवर आणि नंतर अमरावतीत महाविद्यालयात तासिकेवर मी शिकवलं. आज त्या कामापासून थोडी दूर असले, तरी त्याच माणसांत बसते-उठते. माझं म्हणणं एवढंच आहे: आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण अशा अडचणीच्या काळासाठी जी सोय होती, तीच आता आपल्या शाळा-महाविद्यालयांची रोजची पद्धत झाली आहे. तिची किंमत शिक्षक मोजतोच, पण त्याहून जास्त ती पोरं मोजतात.

या माणसाला कायद्यात जागा आहे. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७चा महाराष्ट्राचा अधिनियम पाचव्या कलमात सांगतो की कायम रिक्त झालेलं पद व्यवस्थापनानं शक्य तितक्या लवकर भरावं. त्याच कलमाचं पाचवं पोटकलम तात्पुरत्या रिक्त जागेबद्दल आहे. तिथंही पात्रताधारकच नेमायचा आणि नेमणुकीच्या आदेशात कालावधी लिहायचा. ही तरतूद चांगली आहे. बाळंतपणाची रजा राज्यात १८० दिवसांची आहे, आणि २०१८पासून साऱ्या सेवेत मिळून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आली. एका बाईला तिची रजा निवांत घेता यावी म्हणून दुसरी बाई तिच्या वर्गात उभी राहते, यात गैर काही नाही. उलट मला यात एक सुंदर नातं दिसतं. ज्यांच्या जागेवर मी होते, त्या मॅडमच्या बाळाच्या बारशाला मला आग्रहाचं बोलावणं होतं आणि मी गेले होते.

पण पहिल्या दिवशी शाळेत पाऊल टाकलं की कळतं, आपल्या हाती कोणी काही सोपवलेलं नाही. मस्टरवर सही कुठं करायची, स्टाफरूममध्ये कोणती खुर्ची कोणाची, कपाटाची किल्ली कोणाकडं, हे दोन दिवसांत जमतं. अडतं ते वर्गात. धडा कुठवर आला आहे? मुख्याध्यापक सांगतात, मॅडमना विचारा. मॅडम दवाखान्यात. पोरांना विचारलं तर अर्धा वर्ग ओरडतो 'झाला', अर्धा ओरडतो 'नाही', आणि ज्यांना तो धडा आवडत नाही ते सगळ्यात मोठ्यानं 'झाला' म्हणतात.

यावर तात्पुरत्या शिक्षकांनी आपापले उपाय शोधले आहेत. मी दोन वह्या मागून घ्यायची. एक पहिल्या बाकावरच्या नेटक्या मुलीची आणि एक मागच्या बाकावर बसून दांडी मारणाऱ्या मुलाची. पहिल्या वहीत मॅडमनी काय शिकवलं ते असतं आणि दुसऱ्या वहीत वर्गाला किती पोचलं ते. दोन वह्यांतलं अंतर म्हणजे तुमचं पुढच्या महिन्याचं काम. आणखीही काही वाचता येतं. त्या मॅडमच्या लाल शाईच्या खुणा जूनमध्ये पानोपानी होत्या, ऑगस्टात विरळ झाल्या आणि पोळ्यानंतर थांबल्या. म्हणजे शेवटचे महिने त्या खुर्चीत बसून, जेमतेम शिकवत होत्या. रजा लवकर मिळाली असती, बदली माणूस आधी आला असता आणि दोघींना आठवडाभर एका वर्गात काढता आला असता, तर पोरांचा महिना वाचला असता. अशा आठवड्याची सोय माझ्या पाहण्यात कुठं आली नाही.

पोरं पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, तुमी इथं किती दिवस हा?" हा प्रश्न खोडीचा नसतो. किती जीव लावायचा याचा ती अंदाज घेत असतात. खरं उत्तर द्यावं, असं मला वाटतं. जानेवारीपर्यंत आहे म्हटलं की पोरं ते मनात ठेवतात आणि त्यांचा विश्वास बसतो. गोलमोल बोललं की वर्ग हातातून जातो, आणि पुढं कितीही चांगलं शिकवलं तरी परत येत नाही.

सकाळी परिपाठ संपत आला की पर्यवेक्षक वही घेऊन येतात. कोण रजेवर, कोण प्रशिक्षणाला, कोण स्काउटच्या मेळाव्याला, आणि त्यांचे तास कोणाच्या वाट्याला, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. ज्याची नोकरी कच्ची त्याच्या नावापुढं तास जास्त, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. निवडणुकीच्या हंगामात तर ही वही भरून वाहते. २०२४मध्ये अमरावती आणि अकोल्यात लोकसभेचं मतदान २६ एप्रिलला झालं, विधानसभेचं २० नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळीची सुट्टी संपता संपता. शिक्षण हक्क कायद्याचं २७वं कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळतं. त्यामुळं कायम शिक्षक मतदार याद्यांच्या मागं गावभर फिरतो आणि त्याच्या वर्गावर कच्चा शिक्षक उभा राहतो. त्या कायम शिक्षकाला दोष देता येत नाही. आपला वर्ग सोडून जाताना त्याचाही जीव तुटतो.

दुसऱ्याच्या तासावर, दुसऱ्याच्या विषयाला उभं राहणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट, आणि कधी कधी सगळ्यात आनंदाचीही. मी मराठीची. एकदा आठवीवर भूगोलाचा तास आला. पोरांचं म्हणणं नेहमीचंच, मैदानावर सोडा. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. ती टेबलावर ठेवून मी विचारलं, मी घरून पाणी का आणते? सगळ्यांना माहीत होतं. इथलं पाणी खारं. का खारं, हे मात्र कोणाला सांगता येईना.

मग फळ्यावर पूर्णा काढली. मध्य प्रदेशात भैंसदेहीजवळ सातपुड्यात उगवणारी, अमरावती, अकोला, बुलढाण्यातून पश्चिमेकडं जाणारी आणि चांगदेवजवळ तापीला मिळणारी. तिच्या दोन्ही बाजूंनी पसरलेला खारपाणपट्टा आखला. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर ही नावं पोरांनीच भरली, कारण कोणाचा मामा तिथं, कोणाची आत्या तिथं. नदीनं आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर, त्यात अडकलेले क्षार आणि म्हणून विहिरीला पाणी लागूनही शेताला न चालणारं पाणी, हे बोलता बोलता पुढं आलं. एक मुलगी म्हणाली, आमच्या आजीला पाणी न चाखता कळते, डाळ शिजत नाही मंग ते पाणी खारं. एकानं विचारलं, तूर खाली पेरता, कपाशी पेरता, ओलीत का नाई करत, त्याचं उत्तर हेच का? हेच. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. तो तास माझ्या विषयाचा नव्हता, वर्ग माझा नव्हता आणि दुसऱ्या दिवशी तिथं भूगोलाचे सर परत येणार होते. तरी या कामानं मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी तो तास सांगते. बाहेरून आलेल्या माणसाला पाठ्यपुस्तकाचं ओझं थोडं कमी असतं, आणि पोरंही नव्या माणसाला त्यांचं घरचं ज्ञान मोकळेपणानं सांगतात. या जमेच्या बाजूबद्दल कोणी लिहीत नाही.

आता पैशाचं बोलते.

अकोला-अमरावती अंतर शंभरेक किलोमीटरचं. मूर्तिजापूर-अचलपूर 'शकुंतला' रेल्वे बंद पडल्यापासून आतल्या गावांना एसटी नाहीतर काळीपिवळी. अकोला-अमरावती महामार्गावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा साडेचार दिवसांच्या आत टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ता चांगला झाला याचा आनंद आहे, पण फाट्यावरून आत वळलं की काळ्या मातीचा चिखल तोच आहे. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. महिन्याच्या हिशेबात ही सवलत काय असते, हे आठवड्यातून चार दिवस तीन फाटे बदलून जाणाऱ्या शिक्षिकेला विचारावं.

शाळेत पहिली पायरी शिक्षणसेवकाची. २०००मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तीन वर्षं मानधनावर काम करायचं. २०१२नंतर हे मानधन प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला ९,००० रुपये होतं, आणि वर्षानुवर्षं तिथंच राहिलं. जानेवारी २०२३पासून ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. पण शिक्षणसेवकाला तीन वर्षांनंतर तरी वाट दिसते. रजेच्या जागेवरच्याला ती दिसत नाही, आणि विनाअनुदानित शाळेतला तर दिसेल दिसेल म्हणत चालत राहतो. २००१मध्ये शासनानं नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानगी देण्याचं धोरण घेतलं. २००९मध्ये 'कायम' हा शब्द काढला. २०१६पासून वीस टक्के अनुदान, मग चाळीस, मग साठ असे टप्पे आले, आणि प्रत्येक टप्प्यासाठी आंदोलनं झाली. जुलै २०२५मध्येही हेच शिक्षक भर पावसात मुंबईच्या आझाद मैदानावर बसले होते. पंचविशीत लागलेली माणसं पन्नाशीला आली, पगार अजून टक्क्यांत मोजला जातो. त्याच वर्षी नागपूर विभागातलं, पगारासाठी लागणाऱ्या शालार्थ आयडी बनावट काढल्याचं प्रकरण बाहेर आलं. खोट्या कागदांवर पगार निघाले, आणि खरे शिक्षक आयडीसाठी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत राहिले. हे वाचून आमच्यातल्या कित्येकांना रात्री झोप लागली नाही, हे मी जबाबदारीनं लिहिते.

महाविद्यालयात तासिकेवरच्या कामाला सीएचबी (क्लॉक अवर बेसिस) म्हणतात. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ला नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालं, त्याच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे येतात. पंजाबराव देशमुखांनी शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा-महाविद्यालयं काढण्याचा जो ध्यास घेतला, त्याची फळं या पाचही जिल्ह्यांत दिसतात. वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी पदवी मिळते ती त्या पिढीमुळं. आज त्यातल्या कित्येक विभागांत एक कायम प्राध्यापक आणि बाकी सगळे तासिकेवाले अशी स्थिती आहे. २०१८मध्ये राज्यभर प्राध्यापकांचा संप झाला, ३,५८० पदं भरण्याला मंजुरी आली, २०२०मध्ये कोरोनात भरती गोठली, आणि २०२१मध्ये २,०८८ पदांना परत मंजुरी मिळाली. दरम्यान निवृत्ती कोणी गोठवत नाही.

नोव्हेंबर २०१८च्या निर्णयानं पदवीच्या तासाला ५०० रुपये मिळू लागले. २०२१मध्ये ते ६२५ झाले, २०२३मध्ये पुन्हा वाढले. विद्यापीठ अनुदान आयोगानं मात्र जानेवारी २०१९लाच अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सांगितला होता. आठवड्याला नऊ तास धरले तर २०२१च्या ६२५च्या दरानं चार आठवड्यांचे २२,५०० होत. हा आकडा ऐकून लोक म्हणतात, बरं आहे की. पण दिवाळीची सुट्टी, परीक्षा, उन्हाळा यांत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. सत्र संपलं की नेमणूक संपते, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच विद्यार्थ्यांसमोर नवी नेमणूक. बिलं महाविद्यालयातून सहसंचालक कार्यालयाकडं जातात आणि पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, एकगठ्ठा येतात. तोवर किराणा दुकानदाराची वही चालू असते.

आणि तासाचा दर फक्त तासाचाच असतो. ४८ मिनिटं शिकवण्यासाठी आदल्या रात्री जे वाचलं, जे टिपण काढलं, तास संपल्यावर व्हरांड्यात गाठून ज्या पोरीनं शिष्यवृत्तीचा अर्ज भरून मागितला, प्रकल्पाच्या वह्या, अंतर्गत गुण, नॅकची फाइल, गॅदरिंग, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, यांपैकी कशालाच दर नाही. काम मात्र ते सगळं करावं लागतं, कारण पुढच्या वर्षी मुलाखतीच्या टेबलामागं तीच माणसं बसणार असतात. ज्याला पोट आहे आणि ज्याचं शिकवण्यावर प्रेम आहे, अशा माणसाकडून व्यवस्था दोन्ही बाजूंनी काम काढून घेते. मला याचा राग येतो, आणि तो जावा असं मला वाटत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांत गोष्ट आणखी वेगळी. तिथं शिक्षक रजेवर गेला की सहसा बदली येतच नाही, शेजारचा वर्ग आणि हा वर्ग एकत्र बसतो. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू गावांत दोनशिक्षकी शाळेतला एक जण बैठकीला उतरला की दुसरा पहिली ते चौथी एकटा सांभाळतो. शासनानं वेळोवेळी तोडगे काढले. जुलै २०२३मध्ये निवृत्त शिक्षकांना २०,००० मानधनावर घ्यायचं ठरलं. सप्टेंबर २०२४मध्ये कमी पटाच्या शाळांत १५,००० रुपयांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय झाला आणि काही महिन्यांतच तो मागं घेतला गेला. युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मुलं-मुलीही सहा महिन्यांसाठी शाळांत आली, शिकवू लागली आणि मुदत संपली तशी गेली. निवृत्त गुरुजींना बोलावण्याला माझा विरोध नाही, त्यांच्यातले काही फार छान शिकवतात. पण टीईटी, टेट या परीक्षा देऊन शिक्षकभरतीच्या 'पवित्र' पोर्टलवर नाव लावून वाट पाहणाऱ्या तीस वर्षांच्या पोरीला आपण काय सांगतो आहोत?

तिचा आवाज कुठं पोचतो तेही पाहावं. विधान परिषदेत अमरावती विभागाचा शिक्षक मतदारसंघ आहे. त्यात नाव नोंदवायला माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तराच्या संस्थेत मागच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षांची सेवा लागते. सहा महिने इथं, एक सत्र तिथं, मध्ये रिकामा उन्हाळा असा ज्याचा प्रवास आहे, त्याला ही तीन वर्षं कागदावर जमवणं जड जातं. आपल्याच मतदारसंघात बहुतेक तात्पुरते शिक्षक प्रेक्षक असतात.

पोरांचं नुकसान कसं होतं, याचं मला कायम आठवणारं उदाहरण कपाशीचं आहे. दिवाळीनंतर वऱ्हाडात वेचणी जोरात असते आणि वर्ग रिकामे होऊ लागतात. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी येईनाशी झाली. कायम मॅडम असत्या तर त्यांनी दोन दिवसांत निरोप धाडला असता. त्यांनी तिच्या मोठ्या भावाला शिकवलं होतं, घर माहीत होतं, कोणाचं म्हणणं घरात चालतं ते माहीत होतं. मला वस्ती शोधायलाच वेळ गेला. पोचले तेव्हा तिची आई म्हणाली, "मजूर भेटत नाई मॅडम, पोट्टीले येचाले न्या लागते." त्या माउलीशी भांडण्यासारखं काही नव्हतं. ठरलं ते असं: सकाळी शेत, दुपारी शाळा, आणि बुडालेलं मी मधल्या सुट्टीत भरून काढणार. ते जानेवारीपर्यंत चाललं. मग रजा संपली, मॅडम आल्या, आणि हा करार कुठंच लिहिलेला नव्हता. मी त्यांना तोंडी सांगितलं, त्या चांगल्या होत्या, त्यांनी पाळला. दुसऱ्या एखाद्या शाळेत तो माझ्यासोबत फाट्यावरच्या बसमध्ये बसून निघून गेला असता.

शिक्षक बदलला की पुस्तकं जागेवरच राहतात, हजेरीचा कॅटलॉगही राहतो. कोणत्या पोराला फळा दिसत नाही, कोणाचा बाप गेला, कोणाला मोठ्यानं वाचायला लाज वाटते पण एकट्यात खणखणीत वाचतो, हे सगळं माणसात असतं आणि माणसाबरोबर जातं. दर सत्राला नवा माणूस आला की हे ज्ञान दर सत्राला शून्यावर येतं. पाचवीपासून दहावीपर्यंत एका पोराला वाढताना पाहणारा एक तरी शिक्षक शाळेत असणं, ही चैन नाही. ग्रामीण भागात बहुधा तीच एक खिडकी असते, जिथून पोराचं घर शाळेला दिसतं.

पदं भरली पाहिजेत, हे पहिलं आणि त्याला पर्याय नाही. तासिकेचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळाले पाहिजेत आणि तयारीचा, वह्यांचा वेळ दरात धरला पाहिजे. हे मुंबईतून व्हायचं आहे, त्यासाठी लढावं लागेल आणि लोक लढत आहेत. पण काही गोष्टी उद्याच्या उद्या शाळेत करता येतात. रजेवर जाणाऱ्यानं एक पान लिहून ठेवावं: कोणता धडा कुठवर झाला, कोणाकडं लक्ष द्यायचं, कोणाच्या घरी काय आहे. परत जाणाऱ्या तात्पुरत्या शिक्षकानंही तसंच पान लिहून द्यावं. मुख्याध्यापकांनी ती पानं वर्गाच्या फाइलला लावावीत. स्टाफरूममध्ये त्या माणसाला पहिल्याच दिवशी खुर्ची आणि कपाटाचा एक खण द्यावा. आणि तो जाताना, न मागता, तारखा घालून अनुभवाचं प्रमाणपत्र त्याच्या हातात ठेवावं, कारण पुढच्या मुलाखतीत मूळ कागदपत्रांच्या फाइलमध्ये त्याला तेच दाखवायचं असतं. यासाठी कोणत्याही खात्याची मंजुरी लागत नाही, मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का पुरतो.